ताट आपण वाढू, किती खायचे ते मूल ठरवील

लहान मुलांना चांगल्या आहाराची सवय लावण्याविषयी चार गोष्टी



"ताई, आमचं पोरगं काही खातच नाही हो!"

बैठक कुटुंबनियोजनाची असो, लसीकरणाची असो की डेंग्यूची, उठायची वेळ झाली की कोणीतरी आई मुलाला पुढे करते आणि हेच म्हणते. पुणे शहरात आरोग्यशिक्षिकेचे काम करताना हे वाक्य मी पर्वतीच्या पायथ्याशी ऐकले, येरवड्यात ऐकले, हडपसरला ऐकले आणि कोथरूडच्या सहा मजली इमारतीतही ऐकले. काळजी सगळीकडे एकच, म्हणून ही पत्रिका सर्वांसाठी लिहिली आहे. आईने वाचावी, बापाने वाचावी आणि दिवसभर मुलाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना आवर्जून वाचून दाखवावी.

मूल खरोखरच खात नाही का?

एक खरी हकिकत सांगते. आमच्या वस्तीतल्या एक बाई चार घरची धुणीभांडी करतात. सकाळी सातला बाहेर पडतात, दुपारी दोनला येतात. मुलगा साडेतीन वर्षांचा, हातपाय काडीसारखे, सदा किरकिरा. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावून पाहिली तर ती पिवळ्या रंगावर आली.

मी तेव्हा नवीन होते. पिशवीतून चित्रांचा तक्ता काढला आणि सुरू झाले : रोज दूध द्या, अंडी द्या, सफरचंद द्या. बाईंनी ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "ताई, सफरचंदाचा भाव ठाऊक आहे का तुम्हाला?"

मला खाली बघावे लागले. तक्ता गुंडाळून ठेवला आणि म्हटले, "बरं, काल दिवसभरात बाळाने काय काय खाल्लं, ते तरी सांगा." सासूबाई जवळच बसल्या होत्या. दोघींनी मिळून आठवून आठवून सांगितले.

सकाळी उठल्याबरोबर कपभर चहा आणि चार बिस्किटे. नऊला रडला, म्हणून आजीने पाच रुपये दिले, त्याची वेफर्सची पुडी. अकराला शेजारच्या मुलाच्या हातात पुडी दिसली, म्हणून आणखी एक. दोन वाजता आई आली, वरणभात कालवला, दोन घास खाऊन पोराने तोंड फिरवले. आई दमलेली, तिने पाठीत धपाटा घातला, मग वाईट वाटून मोबाईल लावून दिला आणि गाणी बघता बघता चार घास कोंबले. चारला चहा आणि खारी. संध्याकाळी बाप आला, त्याने खिशातून गोळ्या काढल्या. रात्री जेवायच्या वेळेला मूल झोपून गेले.

आता तुम्हीच मोजा. दिवसातून सहा वेळा त्या मुलाच्या पोटात काही ना काही गेले होते. मूल दिवसभर खात होते, पण जेवत नव्हते. भूक लागायच्या आत चहा, साखर, मैदा आणि तेल पोटात जात होते. दुपारी आई ताट घेऊन बसली की पोटात जागा कुठली?

आपल्या मुलांची स्थिती काय आहे?

सन 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे 35 मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली आणि सुमारे 36 मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांपैकी जवळजवळ 69 मुलांच्या अंगात रक्त कमी होते.

ज्यांची मुले गुबगुबीत आहेत त्यांनी मात्र "आमच्याकडे हा प्रश्नच नाही" असे समजू नये. याचा अभ्यास आपल्या पुण्यातच झाला आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची पुढे अनेक वर्षे तपासणी केली. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, जन्मताना ज्यांचे वजन कमी होते आणि आठव्या वर्षी ज्यांचे वजन जास्त झाले होते, अशाच मुलांत पुढे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणारी लक्षणे सर्वांत अधिक दिसली. वय अवघे आठ वर्षे!

याच डॉक्टरांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर मातांचाही अभ्यास केला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या आणि फळे वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे जन्मताना वजनाने अधिक चांगली होती, असे त्यात आढळले. म्हणजे मुलाच्या आहाराची सुरुवात आईच्या ताटापासून होते. घरातली सून सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवत असेल, तर ती प्रथा आधी बंद करा.

काम वाटून घ्या

मुलाच्या जेवणाची ओढाताण होते, याचे कारण बहुधा एकच असते. मोठ्यांचे काम मूल करते आणि मुलाचे काम मोठी माणसे करतात.

मोठ्यांचे काम तीन गोष्टी ठरवण्याचे : काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे.

मुलाचे काम दोन गोष्टी ठरवण्याचे : खायचे की नाही आणि किती खायचे.

घरोघरी उलटा कारभार चालतो. काय खायचे ते मूल ठरवते : "मला पुडीच पाहिजे!" आणि किती खायचे ते आई ठरवते : "एवढा भात संपल्याशिवाय उठायचं नाही!" दोन्हीकडे रडारड.

मुलाला आपल्या पोटाचा अंदाज असतो, यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1926 पासून याचा एक प्रयोग केला. नुकत्याच अंगावरून सुटलेल्या पंधरा बाळांसमोर धान्ये, भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस असे तीसहून अधिक साधे पदार्थ आलटून पालटून मांडले जात. बाळ ज्याकडे हात करील ते परिचारिकेने द्यायचे. आग्रह करायचा नाही, नापसंती दाखवायची नाही. बाळांनी चित्रविचित्र जेवणे केली. एखाद्या वेळी एकच पदार्थ पोटभर खाल्ला, तर दुसऱ्या वेळी त्याला शिवलीसुद्धा नाहीत. पण एकूण सगळी मुले उत्तम वाढली.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या पदार्थांत साखर नव्हती, बिस्किटे नव्हती, मिठाई नव्हती. काय मांडायचे ते मोठ्यांनी ठरवले होते, म्हणूनच किती खायचे ते मुलांवर सोपवता आले. समोर चकचकीत पुडी ठेवायची आणि "मुलाला आवडेल ते खाऊ दे" म्हणायचे, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

सुरुवात उष्टावणापासून

सवय लागते ती पहिल्या दोन वर्षांत. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणी नको, घुटी नको, मध नको. मध तर वर्ष पुरे होईपर्यंत अजिबात चाटवू नये. सहा महिने झाले की उष्टावण करावे आणि दुसऱ्या दिवसापासून नेमाने वरचे अन्न सुरू करावे. पुष्कळ घरी उष्टावणाचे फोटो निघतात, चांदीची वाटी येते, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला नुसते डाळीचे पाणी पाजले जाते. पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही. चमचा तिरका केला तरी पटकन सांडणार नाही इतके अन्न दाट असावे.

सहा ते आठ महिने : मऊ वरणभात, मुगाची खिचडी, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा किंवा लाल भोपळा. दिवसातून दोन-तीन वेळा. दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून अर्ध्या वाटीपर्यंत जावे.

नऊ ते अकरा महिने : दिवसातून तीन-चार वेळा. अन्न फार गुळगुळीत वाटू नये, जरा भरड ठेवावे. बाळाच्या हातात चपातीचा मऊ तुकडा, शिजवलेल्या गाजराची फोड द्यावी.

एक वर्षानंतर : घरात शिजते तेच, तिखट कमी करून. तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा पौष्टिक खाऊ. वर्षाच्या मुलाला साधारण आईच्या निम्मे अन्न लागते, पण त्याचे पोट लहान असते. म्हणून थोडे थोडे, पण अधिक वेळा.

आईचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. दोन वर्षांच्या आत वरून साखर घालू नये. ज्या जिभेला साखर ठाऊकच नाही, ती साखर मागत नाही.

चांगल्या सवयींचे आठ नियम

1. वेळ ठरवा. दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तास जाऊ द्या. मधल्या वेळेत फक्त पाणी. भूक लागलेले मूल भाकरीला नावे ठेवत नाही.

2. एकत्र बसा. दिवसातून एक वेळ तरी सगळ्यांनी मिळून जेवावे. मूल ऐकून शिकत नाही, बघून शिकते. बाप पानातली शेपू बाजूला सारत असेल, तर पोरगाही सारणारच.

3. थोडे वाढा. मोठा ढीग बघून मूल घाबरते. दोन चमचे वाढा, संपले की "आणखी हवं?" म्हणून विचारा. मागून घेण्याची सवय चांगली.

4. धीर धरा. नवी भाजी मूल पहिल्यांदा थुंकते, म्हणजे ती त्याला कायमची नावडती झाली असे नाही. नवी चव ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा वाढावी लागते. बहुतेक घरी तिसऱ्या वेळेलाच "ह्याला कारलं आवडत नाही" असा निकाल लागतो. नव्या भाजीबरोबर एक आवडीचा पदार्थ जरूर ठेवा.

5. लालूच दाखवू नका. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट देईन" म्हटले की मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट हे बक्षीस आहे.

6. जबरदस्ती करू नका. नाक दाबून, पोलिसाची भीती घालून, मारून भरवू नये. ही चूक मी स्वतःही केली आहे. माझी मुलगी दोन वर्षांची असताना एकदा हट्टाने तिला पालकाची भाजी कोंबली. तिने सगळे ओकून टाकले आणि पुढे वर्षभर हिरवा रंग दिसला की तोंड घट्ट मिटायची. दुसऱ्यांना शिकवणारी मी, घरी मात्र घाई नडली.

7. मोबाईल दूर ठेवा. मोबाईल बघत खाणाऱ्या मुलाला आपण काय खातो, किती खातो आणि पोट भरले की नाही, हे कळत नाही. पूर्वी चिऊ-काऊचा घास भरवत. त्यात आई मुलाकडे बघत असे आणि मूल आईकडे. तेच पुन्हा सुरू करा.

8. कामाला लावा. मुलाला मंडईत न्या. मेथीची जुडी त्याच्या हातात द्या, मटार सोलायला बसवा, पोळपाटावर छोटीशी चपाती लाटू द्या. आपल्या हाताने सोललेला मटार मूल सहसा टाकत नाही.

खर्चाचे काय?

सफरचंदाच्या त्या प्रश्नानंतर मी भाजीबाजार हिंडले, भाव विचारले. मग कळले की मुलाच्या वाढीला लागणारे बहुतेक सगळे आपल्या स्वयंपाकघरात आणि भाजीवालीच्या पाटीत आहे. लांबून आलेले फळच पौष्टिक असते, हा गैरसमज काढून टाका.

दिवसभरात मुलाच्या पोटात या गोष्टी जाव्यात :

धान्य : ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, तांदूळ. संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि आपल्या घरातून मात्र भाकरी हद्दपार होत चालली आहे! नाचणीत हाडांना लागणारे कॅल्शियम भरपूर असते.

डाळ, कडधान्य, शेंगदाणे : वरण, पिठले, मटकी-चवळीची उसळ, शेंगदाण्याचे कूट. डाळ-भात किंवा डाळ-भाकरी एकत्र खाल्ली की दोन्हींतली प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात.

भाजी आणि फळ : मेथी, चवळई, राजगिरा, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर. फळांत पेरू, केळे, पपई, बोरे, चिक्कू. आवळा आणि पेरू यांत क जीवनसत्त्व भरपूर असते. पालेभाजी किंवा उसळीवर लिंबू पिळले, तर त्यातले लोह अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर हेच लोह वाया जाते.

दूध, दही, ताक, अंडी : ब-12 जीवनसत्त्व धान्यात, भाजीत मिळत नाही, ते या पदार्थांत मिळते. शाकाहारी घरांत याची उणीव पुष्कळ आढळते. अंडे चालत असेल त्यांनी अंडे द्यावे, मासे-मटण खाणाऱ्यांनी तेही मऊ करून द्यावे. अंडे चालत नसेल त्यांनी दही-दूध चुकवू नये.

तेल-तूप : लहान मुलाच्या वाटीत चमचाभर तेल किंवा तूप जरूर घालावे.

नमुन्यादाखल आठवड्याचे दुपारचे जेवण :

सोमवार : भाकरी, कूट घातलेली मेथीची पातळ भाजी.
मंगळवार : मुगाची मऊ खिचडी, कढी.
बुधवार : चपाती, मटकीची उसळ, लिंबाची फोड.
गुरुवार : वरणभात, लाल भोपळ्याची भाजी.
शुक्रवार : भाकरी, पिठले, गाजराची कोशिंबीर.
शनिवार : भाजणीचे थालीपीठ, दही.
रविवार : भात आणि अंड्याची आमटी, किंवा चवळीची उसळ.

मधल्या वेळेसाठी : कूट-गुळाचा लाडू, राजगिऱ्याचा लाडू, चुरमुरे, उकडलेले रताळे, केळे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे लहान मुलांना देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्यावेत.

आता हिशेब करा. दिवसाला पाचच्या दोन पुड्या म्हणजे महिन्याला तीनशे रुपये. तेवढ्यात शेंगदाणे किती येतील आणि गूळ किती येईल, ते वाण्याकडे विचारून बघा.

तुमचे प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा नुसते दूध पितो, जेवत नाही. चालेल का?
उत्तर : नाही. वर्षानंतर दिवसाला दोन कप दूध पुरे. दुधाने पोट भरले की मूल जेवत नाही, आणि दुधात लोह फार कमी असल्याने रक्त कमी होते. बाटली तर बंदच करा, वाटी-चमचा किंवा पेला वापरा.

प्रश्न : शेजारचा मुलगा दुप्पट जेवतो. आमचाच असा कसा?
उत्तर : शेजारच्या ताटाकडे बघू नका, आपल्या मुलाच्या वजनाकडे बघा. पहिल्या वर्षी वजन तिप्पट होते, पुढे वाढीचा वेग मंदावतो आणि भूकही त्या मानाने कमी होते. मूल खेळते आहे, दर महिन्याला अंगणवाडीत वजन वाढते आहे, तर काळजी नको.

प्रश्न : भूक वाढायचे टॉनिक द्यावे का?
उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आधी जंत आहेत का, रक्त कमी आहे का, ते पाहावे. रक्त कमी असले तरी भूक मरते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध, वर्षाच्या पुढे दर सहा महिन्यांनी जंताचे औषध आणि नऊ महिन्यांपासून दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस सरकारी आरोग्य केंद्रातून व अंगणवाडीतून मोफत मिळतो.

प्रश्न : शाळेत खिचडी मिळते, मग डबा कशाला?
उत्तर : शाळेतले भोजन जरूर खाऊ द्या. पहिली ते पाचवीच्या मुलांना त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. पण शाळेबाहेरच्या टपरीसाठी खिशात नाणे दिलेत, तर ती खिचडी ताटातच राहील. आणि मुलाला सकाळी उपाशी पाठवू नका. चहा-बिस्किटांऐवजी रात्रीची भाकरी दुधात कुस्करून दिली तरी पुरे.

प्रश्न : सणावाराला, वाढदिवसाला गोडधोड द्यायचे नाही का?
उत्तर : आनंदाने द्या! पुरणपोळी सणाला खायची, म्हणून तिचे अप्रूप. रोज सण केला की अप्रूपही जाते आणि दातही जातात.

दोन मुलांत अंतर आणि मुलाचे ताट

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घाना देशात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1930 नंतरच्या काळात मुलांचा एक आजार पाहिला. मुलांच्या पायांवर सूज यायची, केस भुरे व्हायचे, मूल मलूल पडायचे. तिथल्या बायका त्याला "क्वाशिऑरकोर" म्हणत. त्याचा अर्थ असा की, पुढचे बाळ आल्यामुळे बाजूला सारलेल्या मुलाचा आजार. जे कारण पुढे डॉक्टरांनी शोधले, ते त्या बायकांनी नावातच सांगून ठेवले होते.

आपल्याकडेही हेच घडते. पहिले मूल दीड वर्षाचे नाही तोच दुसरे आले की पहिल्याचे अंगावरचे दूध सुटते, आईचे अंग भरून आलेले नसते, आणि शेजारी बसून धीराने दहा वेळा भाजी वाढायला तिला वेळ राहत नाही. मग थोरल्याच्या हातात बिस्किटाचा पुडा येतो. यात आईचा दोष नाही. म्हणून दोन मुलांमध्ये किमान तीन वर्षांचे अंतर ठेवावे. त्यासाठी निरोध, तांबी, गोळ्या, अंतरा इंजेक्शन ही साधने सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. नवरा-बायकोने दोघांनी मिळून येऊन विचारावे.

केव्हा दाखवायला न्यावे?

दोन महिने वजन वाढले नाही, पायांवर सूज आली, मूल मलूल आहे, खेळत नाही, माती खाते, ताप किंवा जुलाब वरचेवर होतात, किंवा दंडाची पट्टी पिवळ्या अथवा लाल रंगावर आली, तर "सुधारेल आपोआप" म्हणून थांबू नका. ही पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लाल रंग. तसे मूल त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटर म्हणजे पिवळा, आणि त्याच्या पुढे हिरवा. अंगणवाडीची ही योजना देशात 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. इतकी वर्षे ती आपल्या दारात आहे, तिचा उपयोग करून घ्या.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

एका दिवसात काही बदलले नाही. सासूबाई माझ्यावर रागावल्याच. म्हणाल्या, "पोरगं रडतं तेव्हा तुम्ही येता का घरी? माझ्यानं त्याच्या मागं पळवत नाही. पाच रुपये दिले की तासभर गप बसतं." त्यांचे खोटे नव्हते. पैसा हातावर ठेवणे ही त्यांची मायाच होती. ती माया आम्हाला काढून घ्यायची नव्हती, तिचा फक्त मार्ग बदलायचा होता.

मग असे ठरले. आईने रविवारी कूट-गुळाचे लाडू वळून ठेवायचे आणि डबा आजीच्या ताब्यात द्यायचा. नऊ वाजता आजीने आपल्या हाताने एक लाडू द्यायचा. अकराला नातवाला घेऊन अंगणवाडीत जायचे, तिथे मिळेल ते खाऊ द्यायचे. सकाळच्या चहाऐवजी दूध-भाकरी. दोन वाजता आई आली की आई, आजी आणि मूल, तिघांनी एकत्र बसायचे. बापाने संध्याकाळी गोळ्यांऐवजी एक केळे किंवा पेरू आणायचा.

पहिले चार दिवस मुलाने घर डोक्यावर घेतले. आजीने दोनदा चोरून पुडी दिलीही, मला तिनेच नंतर हसत सांगितले. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी पोराने स्वतःहून विचारले, "आई, भाकर झाली का?" चार महिन्यांनी दंडाची पट्टी हिरव्यावर आली. शेपूला तो अजूनही तोंड वाकडे करतो, आणि आई अजूनही एक चमचा वाढते.

तेव्हा वाचकहो, सगळे नियम एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात एकच गोष्ट करा : सकाळचा चहा-बिस्किटांचा कप बंद. पुढच्या आठवड्यात दुसरी : जेवताना मोबाईल बंद. तिसऱ्या आठवड्यात एक नवी भाजी. आणि दर महिन्याला एकदा अंगणवाडीत वजन.

लक्षात ठेवा :
काय, केव्हा, कुठे हे आपण ठरवू.
किती, ते मुलाला ठरवू देऊ.
पुडीऐवजी लाडू, चहाऐवजी दूध-भाकरी.
पहिल्या नकाराने थांबू नये, पुन्हा वाढावे.
आधी आपण खावे, मग मुलाला सांगावे.

शंका असल्यास आपल्या वस्तीतील आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिका यांना विचारा. आणि वाचून झाल्यावर ही पत्रिका शेजारणीला द्या.